माफीचा साक्षीदार आणि आपली पोरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या गुन्ह्यातला एखादा आरोपी ‘माफीचा साक्षीदार’ झाला, म्हणजे साथीदारांविरुद्ध साक्ष देण्याच्या अटीवर कोर्टाने त्याला माफी दिली, ही बातमी गावात एकाच अर्थाने वाचली जाते: बोलला आणि सुटला. कोर्टाच्या आदेशात काय अटी होत्या, त्यानंतरही तो माणूस किती वर्षं आत राहिला, यातलं काही पानटपरीपर्यंत पोचत नाही. पोचतो तो एवढाच हिशेब, की धंद्यात उतरायला हरकत नाही, सापडलो तर बोलून टाकू. आम्ही खानदेशातल्या फौजदारी कोर्टांत काम करतो. अठरा ते तेवीस वयाच्या पोरांच्या तोंडी हा हिशेब जितक्या सहज येतो, त्याची आम्हाला काळजी वाटते. कारण ज्या माफीच्या भरवशावर ही पोरं उतरतात, ती आपल्याकडच्या बहुतेक गुन्ह्यांना लागूच होत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची ३०६, ३०७, ३०८ ही कलमं आता ३४३, ३४४, ३४५ झाली आहेत. माफी देण्याचा अधिकार न्यायाधीशाचा आहे. ठाणेदाराचा नाही, एलसीबीचा (स्थानिक गुन्हे शाखेचा) नाही, पोलिस अधीक्षकांचाही नाही. गुन्हा फक्त सत्र न्यायालयात किंवा विशेष न्यायाधीशासमोर चालणारा हवा, नाहीतर सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा होऊ शकेल असा हवा. न्यायाधीशाने माफी का दिली याची कारणं लिहून ठेवायची असतात आणि इतर आरोपींनी अर्ज केला तर त्यांना त्याची प्रत फुकट द्यावी लागते. अट एकच, पण जड: गुन्ह्याबद्दल आणि त्यातल्या प्रत्येक माणसाबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं, खरं आणि पूर्ण सांगायचं. स्वतःचा वाटा लपवून दुसऱ्यावर ढकलणाऱ्याला ही अट पाळता येत नाही.

माफी मिळाली म्हणजे घरी गेला, असंही नाही. आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवायचं, असं कलम सांगतं. उच्च न्यायालय वेगळा विचार करू शकतं, पण मूळ नियम हा आहे. शीना बोरा खून खटल्यातला चालक २०१५ मध्ये पकडला गेला, २०१६ मध्ये माफीचा साक्षीदार झाला आणि त्यानंतरही कित्येक वर्षं तुरुंगातच होता. शिवाय त्याने काही महत्त्वाचं दडवलं किंवा खोटं सांगितलं असं सरकारी वकिलाने प्रमाणित केलं, तर कलम ३४५ खाली मूळ गुन्ह्यासाठी त्याच्यावर स्वतंत्र खटला चालतो आणि त्याचाच जबाब त्याच्याविरुद्ध वापरता येतो.

आता आपल्याकडची पोरं कशात सापडतात ते बघा.

मोटारसायकल चोरी. जळगाव-धुळ्यात उचललेल्या गाड्या सातपुड्याच्या पाड्यांवर विनाकागद, पाच-दहा हजारांत खपवल्या जातात. सहसा भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागतं, कमाल शिक्षा तीन वर्षं. माफीचा प्रश्नच येत नाही. वाळूचंही तेच. गिरणा, तापी, पांझरा या नद्यांतून रात्री ट्रॅक्टर आणि डंपर निघतात, तेव्हा तहसीलदारांची गाडी कुठे आहे हे ग्रुपवर टाकायला फाट्याफाट्यावर पोरं बसवलेली असतात. गुन्हा चोरीचा आणि खाण-खनिज कायद्याच्या कलम २१ चा, त्याची कमाल शिक्षा पाच वर्षं. इथेही सात वर्षांचा उंबरठा गाठला जात नाही. मालक दंड भरून डंपर सोडवून नेतो, चालक आणि फाट्यावरचा पोरगा तारखा करत राहतात.

तिसरा प्रकार गावठी कट्ट्याचा, आणि तो जास्त खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. चोपडा-शिरपूर पट्ट्यात सातपुड्याच्या पलीकडून कट्टे येतात हे जगजाहीर आहे. कमरेला कट्टा सापडलेल्या पोरावर ‘आर्म ॲक्ट ३/२५’, म्हणजे शस्त्र कायद्याची कलमं ३ आणि २५, लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नुसतं जवळ बाळगलं तरी किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला मात्र किमान सात वर्षं ते जन्मठेप. म्हणजे तपास विकणाऱ्यापर्यंत गेला आणि त्याच्यावर कलम २५(१)(अ) लागलं, तर त्या गुन्ह्यात नुसता वाहक असलेला पोरगा माफीचा साक्षीदार होऊ शकतो आणि त्याच्या साक्षीने विकणारा आत जाऊ शकतो. कायद्याने ही सोय नेमकी यासाठीच ठेवली आहे. प्रत्यक्षात फिर्यादीत एक पोरगा, एक कट्टा, दोन जिवंत काडतुसं एवढंच येतं. ‘कोणाकडून आणला’ या रकान्यात ‘अनोळखी इसम’ लिहिलं जातं आणि दोषारोपपत्र तिथेच बंद होतं. लहान मासा आत, विकणारा पुढच्या पोराच्या शोधात. जिथे सवलतीने खरंच साखळी तुटली असती, तिथे ती कोणी मागतही नाही.

मग ‘सांगितलं की सुटतो’ हे पोरं कुठून शिकतात? एक तर गाजलेल्या खटल्यांतून. पण त्याहून जास्त ठाण्याच्या आवारातून. गाडीत बसवतानाच कोणीतरी कानात सांगतो, “बठ्ठं सांगी टाक, सुटी जाशी.” पुढे काय होतं ते प्रत्येक आईबापाने नीट समजून घ्यावं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे खरं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ ने तो बाद केला आहे. पण त्याच कलमाला परंतुक, म्हणजे अपवाद, आहे: कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुरावा म्हणून चालतो. म्हणून ‘गाडी दाखव, सोडतो’ असं म्हटल्यावर दोन पंच बोलावले जातात आणि निवेदन पंचनामा लिहिला जातो: ‘आरोपीने स्वखुशीने सांगितले की, मी लपवून ठेवलेली मोटारसायकल काढून देतो.’ खाली पोराची सही. पोरगा उत्साहाने एकाऐवजी चार गाड्या दाखवतो, वेगवेगळ्या ठाण्यांतले चार गुन्हे उघडकीस येतात आणि चारही ठिकाणी त्याचा ताबा घेतला जातो. सुटण्यासाठी सांगितलेली गोष्टच त्याच्याविरुद्धचा सर्वांत पक्का पुरावा ठरते. त्याच्या हातात कोणताही आदेश नसतो, कोणतीही अट लिहिलेली नसते, दिलेला शब्द पाळायचं बंधन कोणावर नसतं.

याची दुसरी बाजू याहून घातक आहे. काही पोरं खरंच सुटतात. त्यांना ‘खबरी’ म्हणून ठेवलं जातं. तो पंटर पुढची टीप देत राहतो, तोवर त्याच्या छोट्यामोठ्या उद्योगांकडे काणाडोळा होतो. ना कोर्टाला माहीत, ना सरकारी वकिलाला. गल्लीतली बाकीची पोरं हे रोज बघतात. याच्यावर काही होत नाही, याच्याकडे नवी गाडी आहे, हा ठाण्यात चहा पितो. कायद्यातली माफी कोर्टात, कारणं लिहून, इतर आरोपींसमोर दिली जाते. ही दुसरी माफी अंधारात दिली जाते, आणि आमच्या मते पोरांना धंद्यात ओढण्याचं काम हीच जास्त करते. शिक्षा किती मोठी यापेक्षा ती होणार हे किती पक्कं यावर माणूस कचरतो, हा गुन्हेशास्त्रातला जुना निष्कर्ष आहे. तो पक्केपणाच इथे विकला जातो.

पुन्हा पुन्हा दिलेली सवलत काय करते, याचं जगातलं सर्वांत भीषण उदाहरण आपल्याच देशावर येऊन आदळलं. डेव्हिड हेडली १९८८ मध्ये हेरॉईनच्या तस्करीत पकडला गेला. अमेरिकी अमली पदार्थविरोधी यंत्रणेला त्याने साथीदार पकडून दिले आणि शिक्षा कमी करून घेतली. १९९७ मध्ये पुन्हा हेरॉईन, पुन्हा सहकार्य, पुन्हा हलकी शिक्षा. त्याच माणसाने पुढे मुंबईत फिरून २६/११ च्या हल्ल्याच्या जागा टिपल्या. १६६ माणसं गेली. २०१० मध्ये त्याने अमेरिकेत तिसऱ्यांदा तडजोड केली आणि फाशी व प्रत्यार्पण दोन्ही टाळलं. २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये त्याला माफीचा साक्षीदार केलं आणि जळगावातून वकिली सुरू केलेले ॲड. उज्ज्वल निकम यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने त्याची साक्ष नोंदवली. या माफीने त्याचा अमेरिकेतल्या तुरुंगातला एक दिवसही कमी झाला नाही. आपल्याला साक्ष मिळाली आणि तो आतच राहिला. अमेरिकेतल्या पहिल्या दोन सवलतींत आणि मुंबईतल्या या माफीत जो फरक आहे, तो धोरण ठरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा.

तरुणांशी थेट संबंध असलेलं उदाहरण न्यूयॉर्कच्या माफिया टोळीतल्या साल्वातोर ग्राव्हानोचं. १९ खुनांत सहभाग कबूल करून त्याने १९९२ मध्ये आपल्या म्होरक्याविरुद्ध साक्ष दिली आणि त्याला फक्त पाच वर्षांची शिक्षा झाली. २००० मध्ये तो ॲरिझोनात एक्स्टसी या नशेच्या गोळ्यांच्या धंद्यात पुन्हा पकडला गेला. या वेळी सोबत त्याचा तरुण मुलगा होता, बायको आणि मुलगीही होती, आणि माल खपवणारी स्थानिक तरुण पोरांची टोळी होती. त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. साक्ष देऊन सुटलेला माणूस त्या पोरांसाठी भित्रा फितूर नव्हता, यंत्रणेला वाकवून आलेला उस्ताद होता.

म्हणून माफी बंदच करा, असं आमचं म्हणणं नाही. टोळीतलं कट-कारस्थान बाहेरच्या कोणी पाहिलेलं नसतं. पंच फुटतात, साक्षीदार फितूर होतात. आतला माणूस बोलल्याशिवाय म्होरक्यापर्यंत हात पोचत नाही. पण अशा साक्षीवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सरवनसिंग खटल्यात सांगून ठेवलं आहे: साक्षीदार मुळात विश्वासार्ह हवा, आणि त्याच्या सांगण्याला महत्त्वाच्या मुद्द्यांवर स्वतंत्र पुष्टी हवी. खटले पडतात ते या दुसऱ्या जागी. मोबाइलचे कॉल डिटेल्स जोडलेले असतात, पण साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र नसतं. नव्या कायद्यात त्याचे ‘भाग अ’ आणि ‘भाग ब’ असे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकी आकडा). तो कोरा राहतो. झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केलं आहे; ते अर्धवट असतं, नाहीतर जप्तीनंतर सुरू झालेलं असतं. मग उरते फक्त माफी मिळालेल्याची साक्ष, आणि तेवढ्यावर कोर्ट शिक्षा देत नाही. शेवट असा होतो, की माफी मिळालेला सुटतो आणि ज्याच्याविरुद्ध ती दिली तोही सुटतो. गावात तरुणांना यापेक्षा वाईट धडा दुसरा नाही.

आपल्या कायद्यातली एक मोठी उणीव म्हणजे कलम ३४३ मध्ये मधला मार्ग नाही. माफी द्यायची तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. इटलीने माफियांविरुद्ध १९९१ मध्ये अशा सहकार्याचा कायदा केला आणि त्याचा गैरवापर दिसल्यावर २००१ मध्ये तो कडक केला. बोलायची तयारी दाखवल्यापासून १८० दिवसांत सगळं सांगायचं, म्हणजे सोयीने आठवणी काढत बसता येत नाही. गुन्ह्यातून कमावलेली मालमत्ता उघड करायची. आणि तुरुंगाबाहेर राहण्याची सवलत मिळण्याआधी किमान एक चतुर्थांश शिक्षा, जन्मठेप असेल तर दहा वर्षं, भोगायचीच. आपल्याकडेही पूर्ण माफी सर्वांत कमी वाटा असलेल्यालाच मिळावी आणि त्याहून वरच्याला फक्त शिक्षेत सूट मिळावी, अशी दुरुस्ती हवी. गुन्ह्याच्या पैशाबद्दलची तरतूद तर आजही आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ खाली अशी मालमत्ता जप्त करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटता येते. माफीच्या साक्षीदाराची मालमत्ता यातून वगळली जाऊ नये, एवढा आग्रह सरकारी वकिलांनी आजपासूनही धरता येईल. तुरुंगातून आलेला माणूस बंगल्यात राहायला गेला, हे दृश्य पोरांना दिसता कामा नये.

तपास अधिकाऱ्यांनाही एक सांगणं. टोळीने केलेल्या चोरीला जिथे खरोखर बसतं तिथे न्याय संहितेचं कलम ११२, म्हणजे छोटी संघटित गुन्हेगारी, लावून पाहा. त्याची कमाल शिक्षा सात वर्षं आहे, म्हणजे माफीचा कायदेशीर रस्ता उघडतो आणि चोरीचा माल घेणाऱ्यापर्यंत जाता येतं. सायबर फसवणुकीत आपलं बँक खातं काही हजारांत ‘भाड्याने’ देणाऱ्या कॉलेजच्या पोरांबाबत तर हा रस्ता उघडाच आहे, कारण न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ३१८(४) ला सात वर्षं आहेत. खातं कोणी मागितलं, एटीएम कार्ड आणि सिम कोणाकडे दिलं, हे त्या पोराइतकं कोणालाच माहीत नसतं. अशा पोराला ठाण्यात नुसतं दटावून त्याच्याकडून माहिती काढण्यापेक्षा त्याला वकील मिळवून द्यावा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब व्हावा आणि सवलत द्यायचीच तर ती कोर्टाच्या कागदावर यावी. जिवाला धोका असेल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत अर्ज करता येतो. पोलिसांनी पाच कामकाजाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल द्यायचा असतो.

अठराच्या आतल्या मुलांबद्दल वेगळंच खोटं पसरवलं जातं: ‘तू लहान आहेस, तुला काही होत नाही.’ हे सांगून त्यांच्या हाती माल, कट्टा नाहीतर दारूचे खोके दिले जातात, विशेषतः नवापूरकडून गुजरातेत जाणाऱ्या रस्त्यांवर. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खाली प्राथमिक तपासणी होऊन त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. आणि त्याला वापरणाऱ्या प्रौढाला न्याय संहितेच्या कलम ९५ खाली तीन ते दहा वर्षं, वर प्रत्यक्ष गुन्ह्याची शिक्षा त्यानेच केल्यासारखी. हे कलम आमच्या पाहण्यातल्या दोषारोपपत्रांत फार क्वचित दिसतं. ते लावलं गेलं तर मुलं पुढे करण्याचा धंदा महाग पडेल.

पहिल्यांदा चुकलेल्या पोराला संधी नकोच, असं कोणी या पत्रातून समजू नये. त्यासाठी कायद्यात स्वच्छ, उघडे रस्ते आहेत. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी असेल आणि माल परत केला तर शिक्षा समाजसेवेची. एकवीस वर्षांखालच्या गुन्हेगाराला शक्यतो तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचं, असं १९५८ चा परिवीक्षा कायदा सांगतो. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात, स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल तर, दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांत गुन्हा कबूल करून शिक्षेबाबत तडजोडीचा अर्ज करता येतो आणि पहिल्याच गुन्ह्याला शिक्षेत मोठी सूट मिळते. पण हा शेवटचा पर्याय घेताना एक लक्षात ठेवा: ती दोषसिद्धीच असते. पोलिस भरती नाहीतर सैन्य भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोराच्या चारित्र्य पडताळणीत ती समोर येते. हे आधी न सांगता सही घेणारे आहेत.

संपादक महाशय, एक विनंती आपल्याकडे. कोणी माफीचा साक्षीदार झाल्याची बातमी देताना तीन ओळींची चौकट सोबत द्यावी: माफी कोणत्या कोर्टाने आणि कोणत्या अटीवर दिली, तो माणूस आत आहे की जामिनावर, आणि अट मोडली तर त्याचं काय होणार. जामिनावर सुटलेल्याला ‘सुटका’ असा मथळा देऊ नये. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा त्याच पानावर, तेवढ्याच आकारात तो छापावा. आणि चौकटीच्या तळाशी मोफत विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक द्यावा. कोठडीतल्या कोणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो, आणि चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ ने दिला आहे. निवेदन पंचनाम्यावर सही करण्याआधी हा फोन झाला पाहिजे.

आपले नम्र,
फौजदारी न्यायालयांत काम करणारे काही वकील,
धुळे-जळगाव